सर्नची भेट: विज्ञान शिक्षकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेत शिक्षकांसाठी चालणाऱ्या कार्यक्रमाला जाऊन आल्यापासून बरेच शिक्षक फोन करून, कार्यशाळांमध्ये गाठून, तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही लांबली आहेत, कारण तो भाग वर्गात खरोखर उपयोगी पडतो.

सर्न म्हणजे नेमकं काय? तिथे चालतं काय?

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्या १२ देशांनी मिळून उभारलेली ही प्रयोगशाळा. स्थापना २९ सप्टेंबर १९५४ ची. स्वित्झर्लंड आणि फ्रान्स यांच्या सीमेवर ती पसरली आहे, काही इमारती या देशात आणि काही त्या देशात. तिथलं सर्वांत मोठं यंत्र म्हणजे लार्ज हॅड्रॉन कोलायडर. जमिनीखाली सरासरी १०० मीटरवर सुमारे २७ किलोमीटर घेराचं वर्तुळाकार भुयार आहे. त्यात प्रोटॉनचे दोन झोत एकमेकांविरुद्ध दिशेने फिरवतात आणि चार ठिकाणी त्यांची टक्कर घडवतात. त्या चार ठिकाणी अ‍ॅटलस, सीएमएस, अ‍ॅलिस आणि एलएचसीबी हे अवाढव्य शोधक, म्हणजे टकरींतून निघणारे कण नोंदणारी यंत्रं, बसवले आहेत.

माझ्यासारख्या साध्या शाळेतल्या शिक्षकाला तिथे जाता येतं का?

येतं. दोन वाटा आहेत.

पहिली सगळ्यांसाठी खुली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्नने ‘सायन्स गेटवे’ हे केंद्र सुरू केलं. तिथली प्रदर्शनं पाहायला पैसे लागत नाहीत. सोमवारी केंद्र बंद असतं. मार्गदर्शकासोबतच्या फेऱ्याही मोफत असतात, पण जागा मोजक्या असल्यामुळे सकाळी लवकर पोहोचावं. जिनिव्हाच्या मुख्य रेल्वे स्थानकावरून १८ क्रमांकाची ट्राम थेट सर्नच्या दारात सोडते. नातेवाइकांकडे किंवा सहलीला युरोपात गेलात तर एक पूर्ण दिवस यासाठी राखून ठेवा. दोन तासांत आटपायची ही जागा नाही.

दुसरी वाट शिक्षकांच्या खास कार्यक्रमाची. माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शिक्षकांसाठी सर्न १९९८ पासून आंतरराष्ट्रीय कार्यक्रम घेत आलं आहे. उन्हाळ्यात सुमारे दोन आठवडे जगभरचे शिक्षक तिथे राहतात, शास्त्रज्ञांची व्याख्यानं ऐकतात, यंत्रं पाहतात, प्रयोग करतात आणि गटात बसून धडे तयार करतात. याशिवाय काही देशांच्या शिक्षकांसाठी त्यांच्याच भाषेत आठवडाभराचे वर्ग होतात. अर्जाची मुदत आणि खर्चाची वाटणी दरवर्षी सर्नच्या संकेतस्थळावर जाहीर होते. त्या वर्षीची सूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. आधी जाऊन आलेल्यांच्या सांगण्यावर विसंबू नका, माझ्याही नाही.

अर्जात काय लिहावं?

आपण वर्गात काय करतो ते. पदव्या आणि पुरस्कारांची यादी थोडक्यात आटपा. मुलांना चुंबकत्व शिकवताना काय करून दाखवता, मुलं कुठे अडतात, परत आल्यावर जिल्ह्यातल्या इतर शिक्षकांपर्यंत हे कसं पोहोचवणार, हे नेमकेपणाने लिहा. तुटपुंज्या प्रयोगशाळेत टाकाऊतून उभा केलेला एखादा प्रयोग असेल तर त्याचं वर्णन जरूर करा. आपल्याकडचे शिक्षक हे सांगायला संकोचतात. माझ्या मते अर्जातला सर्वांत बोलका भाग तोच असतो.

मी मराठी माध्यमात शिकवतो. इंग्रजीचं कसं होईल?

आंतरराष्ट्रीय कार्यक्रम इंग्रजीतच चालतो, त्यामुळे ऐकून समजणं आणि प्रश्न विचारता येणं आवश्यक आहे. फर्डं बोलता आलं नाही तरी बिघडत नाही. तिथे येणाऱ्या बहुतेक शिक्षकांची मातृभाषा इंग्रजी नसते आणि फळ्यावर आकृती काढली की भाषेचा अडसर बराच कमी होतो.

भुयारात उतरता येतं का?

यंत्र चालू असताना कोणालाच उतरता येत नाही, तिथल्या शास्त्रज्ञांनाही नाही. किरणोत्सार आणि अतिशीत हेलियम ही दोन कारणं. देखभालीच्या विरामात काही वेळा शोधकांच्या गुहेपर्यंत नेतात, पण ते गृहीत धरून तिकीट काढू नका. २०२६ च्या मध्यापासून काही वर्षांचा मोठा विराम नियोजित आहे. त्या काळात टकरींचा मारा वाढवण्यासाठी यंत्रात मोठे फेरबदल होणार आहेत.

मग पाहायला मिळतं तरी काय?

पुष्कळ. सर्नचा पहिला त्वरक, म्हणजे कणांना वेग देणारं यंत्र, १९५७ चा, सिंक्रोसायक्लोट्रॉन. १९९० मध्ये तो थांबवला आणि आता त्याच दालनात, त्याच यंत्रावर प्रकाशचित्रं टाकून त्याची गोष्ट सांगतात. सायक्लोट्रॉनची आकृती फळ्यावर अनेक वर्षं काढलेल्या माणसाला तो प्रचंड चुंबक समोर पाहताना काय वाटतं, हे मी शब्दांत नीट सांगू शकणार नाही.

चुंबकांच्या चाचणीचं दालन मात्र मला सर्वांत मोलाचं वाटलं. प्रोटॉनना वळवणारा एकेक द्विध्रुवी चुंबक १५ मीटर लांब आणि सुमारे ३५ टन वजनाचा असतो. असे १,२३२ चुंबक भुयारात आहेत. निळ्या नळकांड्याचा आडवा छेद पाहिला की आत शेजारी-शेजारी दोन नळ्या दिसतात. एकीतून एक झोत जातो, दुसरीतून उलट दिशेचा. दोन्हीकडचे प्रोटॉन धनप्रभारितच, दिशा मात्र उलट. तेव्हा दोघांनाही वर्तुळाच्या आत वळवायचं तर दोन्ही नळ्यांत चुंबकीय क्षेत्राची दिशा उलट हवी. दहावीच्या पुस्तकातला फ्लेमिंगच्या डाव्या हाताचा नियम तिथे ३५ टनांच्या पोलादात दिसतो. मी तिथेच उभी राहून बोटं लावून पाहिली, आणि शेजारचे तीन-चार देशांचे शिक्षकही तेच करत होते.

याशिवाय प्रतिद्रव्य (नेहमीच्या कणांच्या उलट प्रभाराच्या जुळ्या कणांचं द्रव्य) तयार करून त्याचा वेग कमी करणारं केंद्र आणि अ‍ॅटलसचा नियंत्रण कक्ष, यांपैकी काय दाखवतील ते त्या-त्या दिवसावर अवलंबून असतं.

हे सगळं बारावीच्या वर्गात कसं आणायचं? अभ्यासक्रम तर आधीच पुरा होत नाही.

वेगळा तास लागत नाही. सर्नमध्ये जे चालतं त्याचा पाया आपल्याच पुस्तकात आहे. फक्त उदाहरणं बदलायची.

वेगापासून सुरुवात करा. भुयाराचा घेर २६,६५९ मीटर आणि प्रोटॉनच्या दर सेकंदाला सुमारे ११,२४५ फेऱ्या. मुलांना गुणाकार करायला सांगा. उत्तर येतं सेकंदाला २९,९७,८०,००० मीटरच्या आसपास. प्रकाशाचा वेग २९,९७,९२,४५८. या फरकातला बराचसा भाग आपण फेऱ्या पूर्णांकात घेतल्याचा आहे. खरा फरक याहून फार लहान आहे. सार्थ अंक का सांभाळायचे, हे मुलांना इथे जितकं पटतं तितकं व्हर्नियरच्या तासाला पटत नाही.

मग वर्तुळाकार गती. प्रभारित कण चुंबकीय क्षेत्रात वळतो त्याची त्रिज्या संवेगावर अवलंबून असते. सोयीच्या एककांत सूत्र असं: संवेग म्हणजे ०.३ गुणिले चुंबकीय क्षेत्र (टेस्लात) गुणिले त्रिज्या (मीटरमध्ये), उत्तर गिगा इलेक्ट्रॉन व्होल्ट या कणांची ऊर्जा मोजायच्या एककाच्या हिशेबात. हुशार मूल २६,६५९ ला २π ने भागून त्रिज्या ४,२४३ मीटर काढेल आणि उत्तर फार मोठं येईल. इथे थांबा आणि का ते विचारा. भुयार पूर्ण गोल नाही. त्याचे काही भाग सरळ आहेत आणि वळवण्याचं काम फक्त द्विध्रुवी चुंबक करतात. १,२३२ चुंबक, प्रत्येकाची चुंबकीय लांबी १४.३ मीटर, म्हणजे एकूण १७,६१८ मीटर. त्याला २π ने भागलं की २,८०४ मीटर. आता ०.३ × ८.३३ × २,८०४ करून पाहा. जवळजवळ बरोबर ७,०००, म्हणजे ७ टेरा इलेक्ट्रॉन व्होल्ट (एक टेरा म्हणजे हजार गिगा). यंत्राची रचना याच ऊर्जेसाठी केलेली आहे. २०२२ पासूनच्या टकरींत प्रत्येक झोत ६.८ टेरा इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत नेला. वर्गात हा हिशेब जुळतो तेव्हा मागच्या बाकावरूनही आवाज येतो.

आणि ज्यूलचा नियम. यंत्र १० सप्टेंबर २००८ रोजी सुरू झालं आणि नऊच दिवसांनी बंद पडलं. दोन चुंबकांना जोडणाऱ्या अतिवाहक (अतिशीत असताना विजेला रोध न करणाऱ्या) तारेचा एक सांधा नीट जुळला नव्हता. त्याचा रोध किती? सुमारे २०० नॅनोओहम, म्हणजे एका ओहमचा पन्नास लाखावा भाग. आपल्या प्रयोगशाळेतला कुठलाही मीटर तो दाखवणार नाही. पण त्यातून सुमारे ८,७०० अँपिअर विद्युतधारा वाहत होती. धारेचा वर्ग गुणिले रोध केलं की जेमतेम १५ वॅट येतात, एका लहान एलईडी दिव्याएवढे. उणे २७१ अंश सेल्सिअसला, जिथे अतिवाहकता टिकवायची असते तिथे, एवढी उष्णताही पेलली नाही. सांधा तुटला, ठिणगी पडली, काही टन हेलियम बाहेर पडलं आणि पन्नासहून अधिक चुंबक वर काढावे लागले. यंत्र पुन्हा सुरू व्हायला वर्षाहून अधिक काळ लागला. सर्नने हे कधी लपवलं नाही. कारण, आकडे, दुरुस्ती, सगळं जाहीर केलं. हा प्रसंग मी दहावीलाही सांगते, कारण तो समजायला दहावीचंच सूत्र पुरतं.

कण तर दिसत नाहीत. मग ‘सापडला’ म्हणतात ते कशावरून?

हाच प्रश्न मुलांनी विचारावा अशी माझी इच्छा असते, आणि उत्तर घाईत देऊ नये असं मला वाटतं.

शोधक थरांचा बनलेला असतो. आतल्या थरांत प्रभारित कणांचा मार्ग नोंदला जातो आणि चुंबकीय क्षेत्रात तो किती वळला यावरून संवेग कळतो. त्याबाहेरचे थर कणांना अडवून त्यांची ऊर्जा मोजतात. सीएमएसमध्ये एका थरात ७५,००० हून अधिक जड, काचेसारखे पारदर्शक स्फटिक आहेत. इलेक्ट्रॉन किंवा फोटॉन आत शिरला की स्फटिक मंद प्रकाशतो आणि त्या प्रकाशावरून ऊर्जा ठरते. सर्वांत बाहेरच्या थरांपर्यंत मुख्यतः म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनसारखेच पण जड कण, पोहोचतात.

सर्नचा सर्वांत गाजलेला शोध म्हणजे हिग्ज कण, मूलकणांना वस्तुमान कसं मिळतं हे सांगणाऱ्या सिद्धान्तातला कण. तो स्वतः यातल्या कुठल्याच थरात दिसत नाही. निर्माण होताच त्याचा क्षय होतो. कधीकधी त्यातून दोन फोटॉन निघतात. त्यांच्या ऊर्जा आणि त्यांच्यातला कोन यांवरून मूळ कणाचं वस्तुमान काढता येतं. पण दोन फोटॉन इतर शेकडो प्रक्रियांतूनही निघतात. म्हणून असंख्य टकरींमधल्या अशा जोड्यांवरून निघणाऱ्या वस्तुमानांचा आलेख काढतात. बाकी प्रक्रियांमुळे तो हळूहळू उतरत जाणारी वक्ररेषा होतो. १२५ गिगा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास तिच्यावर एक लहानसा उंचवटा दिसला. नवा कण नसताना निव्वळ योगायोगाने एवढा उंचवटा दिसण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक इतकी खाली गेली आणि अ‍ॅटलस व सीएमएस या दोन स्वतंत्र गटांना तो दिसला, तेव्हाच ४ जुलै २०१२ रोजी घोषणा झाली.

मुलांना पुरावा म्हणजे काय हे शिकवायचं असेल तर माझ्या पाहण्यात याहून चांगलं उदाहरण नाही. आपली मुलं प्रयोगवहीत अपेक्षित उत्तराला जुळतील असे आकडे लिहितात. आपणही पुष्कळदा तिकडे कानाडोळा करतो. सर्नमध्ये ‘अपेक्षित’ जागी उंचवटा दिसू लागला तेव्हा लोकांनी आधी स्वतःच्या मोजमापावर शंका घेतली. परत आल्यापासून मी प्रात्यक्षिकात जुळणाऱ्या उत्तराला गुण देत नाही. चूक कुठून आली असेल याच्या विवेचनाला देते.

टकरींमधून कृष्णविवर तयार होऊन पृथ्वी गिळली जाईल, असं ऐकलं होतं?

२००८ मध्ये आपल्याकडच्या वाहिन्यांनी या भीतीला बरीच हवा दिली. सर्नमधल्या टकरींहून कितीतरी अधिक ऊर्जेचे विश्वकिरण (अवकाशातून येणारे वेगवान कण) पृथ्वीच्या वातावरणावर सुमारे साडेचारशे कोटी वर्षं आदळत आहेत, चंद्रावर आणि सूर्यावरही. पृथ्वी, चंद्र, सूर्य आपापल्या जागी आहेत. प्रोटॉनच्या दृष्टीने ७ टेरा इलेक्ट्रॉन व्होल्ट प्रचंड असले, तरी ज्यूलमध्ये ते एक दशलक्षांश ज्यूलच्या जवळपासच भरतात.

तिथे नटराजाची मूर्ती आहे हे खरं का? पूजा होते का?

मूर्ती आहे, सुमारे दोन मीटर उंच. भारत सरकारने भेट दिलेली, १८ जून २००४ रोजी तिचं अनावरण झालं. पूजा होत नाही. भारत आणि सर्न यांच्या दीर्घ सहकार्याची ती खूण आहे. गुप्त विधींच्या चित्रफिती फिरतात, त्या पुढे पाठवू नका आणि मुलांनी दाखवल्या तर त्यांच्याबरोबर बसून स्रोत तपासा.

भारताचा, विशेषतः महाराष्ट्राचा, यात वाटा काय?

मोठा आहे आणि आपल्याच मुलांना तो माहीत नाही, याची मला फार खंत वाटते. सीएमएसमधल्या एका बाहेरच्या ऊर्जामापक थराचं काम मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने पंजाब विद्यापीठाबरोबर केलं. पुण्याची आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) सीएमएसमध्ये आहे, पवईची आयआयटी अ‍ॅलिसमध्ये. अ‍ॅलिसमधला फोटॉन मोजणारा एक शोधक कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटरच्या पुढाकाराने बनला. भुयारातले ते ३५ टनी चुंबक ज्या जॅकवर टेकवून अचूक जागी आणतात, ते हजारो जॅक अणुऊर्जा विभागामार्फत भारतातून गेले. २०१७ पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य आहे.

आणि ही परंपरा सर्नपासून सुरू होत नाही. कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून खोल, टाटा संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसह १९६५ मध्ये वातावरणात तयार झालेल्या न्यूट्रिनोंची, म्हणजे पदार्थातून जवळजवळ न अडता आरपार जाणाऱ्या प्रभाररहित कणांची, नोंद केली. जगातल्या अशा पहिल्या नोंदींपैकी ती एक.

एवढा खर्च कशासाठी? गरिबांना त्याचा काय उपयोग?

मुलं विचारतात, पालकही विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. मुख्य हेतू ज्ञानाचा आहे, हे आधी स्पष्ट सांगावं. वर्ल्ड वाइड वेब १९८९ मध्ये सर्नमध्ये टिम बर्नर्स-ली यांनी मांडलं आणि १९९३ मध्ये सर्नने ते सगळ्यांसाठी विनामूल्य खुलं केलं, हे खरं. पण ते प्रयोगशाळेचं उद्दिष्ट नव्हतं. त्वरकांचं तंत्रज्ञान मात्र आपल्या दारात आलं आहे. खारघरला टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक केंद्रात प्रोटॉनच्या झोताने कर्करोगावर उपचार होतात. प्रोटॉन शरीरात ठरावीक खोलीवर आपली बहुतेक ऊर्जा टाकतो, म्हणून त्यापलीकडच्या निरोगी पेशी वाचतात.

कणांचे माग शाळेत दाखवता येतील का?

येतात, आणि सर्नच्या भेटीतून एकच गोष्ट उचलायची असेल तर मेघपेटी उचला. शिक्षकांच्या कार्यक्रमात ती स्वतः बनवायला लावतात.

पारदर्शक प्लास्टिकची पेटी, तिच्या तळाला आतून चिकटवलेला जाड नमदा, काळा धातूचा पत्रा, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कोरडा बर्फ. नमदा अल्कोहोलने भिजवा, पेटी पत्र्यावर पालथी घाला, पत्र्याखाली कोरडा बर्फ पसरा, खोलीत अंधार करा आणि बाजूने विजेरीचा प्रकाश टाका. वरून उतरणारी वाफ थंड पत्र्याजवळ अतिसंपृक्त होते. प्रभारित कण तिथून गेला की त्याच्या वाटेवर बारीक थेंब जमतात. दहाएक मिनिटं धीर धरावा लागतो. मग रेघा उमटू लागतात. आखूड आणि जाड असेल तर बहुधा अल्फा कण, लांब आणि सरळ असेल तर बहुधा म्युऑन, वेडीवाकडी असेल तर इलेक्ट्रॉन.

कोरडा बर्फ उणे ७८ अंशांचा असतो. जाड हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा, घट्ट झाकणाच्या बाटलीत तो कधीही भरू नका. अल्कोहोलजवळ काडी पेटवू नका. औद्योगिक वायू विकणाऱ्यांकडे कोरडा बर्फ मिळतो, आधी एक-दोन दिवस सांगून ठेवावं लागतं.

समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला साधारण एक म्युऑन पडतो. त्याचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. प्रकाशाच्या वेगाने धावला तरी एवढ्या वेळात तो ६६० मीटरच जाईल, पण तो जन्मतो पंधराएक किलोमीटर उंचीवर. मग आपल्या पेटीपर्यंत पोहोचला कसा? सापेक्षता सिद्धान्ताचा तास इथून सुरू करा.

प्रवासाची तयारी?

भारतीय पारपत्रधारकांना शेंगेन व्हिसा लागतो, अर्ज वेळेत करा. पारपत्र नेहमी जवळ ठेवा: सीएमएस फ्रान्समधल्या सेसी गावात आहे. जिनिव्हा फार महाग शहर आहे. कोरडा खाऊ न्या, पण तूप, पेढे, खवा नको. युरोपबाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणायला तिथे मनाई आहे.

जाणं जमलंच नाही तर?

तरी बरंच हाती लागतं. अ‍ॅटलस आणि सीएमएस हे दोन्ही प्रयोग शाळांना दूरदृश्य भेट देतात. तिथला शास्त्रज्ञ कॅमेरा घेऊन फिरतो आणि मुलं थेट प्रश्न विचारतात. वेळेचा फरक आपल्या सोयीचा आहे: आपली दुपार म्हणजे त्यांची सकाळ. सीएमएसची खरी आकडेवारीही कोणालाही खुली आहे. मुंबईत मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र शिक्षकांसोबत काम करतं.

विद्यार्थ्यांसाठी काही आहे का?

२०१४ पासून सर्न माध्यमिक विद्यार्थ्यांची एक स्पर्धा घेतं. मुलांच्या संघाने खऱ्या कणझोतावर करायच्या प्रयोगाचा प्रस्ताव पाठवायचा आणि जिंकलेल्या संघांनी प्रत्यक्ष तो प्रयोग करायचा. २०१८ च्या दोन विजेत्या संघांपैकी एक मुंबईच्या शाळेचा होता. प्रस्ताव लिहायला काही महिने लागतात, म्हणून संघ जूनमध्ये शाळा उघडतानाच जमवा, आणि पहिल्या बैठकीत मेघपेटी मांडा.